अंगठ्याचा आलेख

जालना,
रविवार, दुपार

प्रिय आयुषी,

‘प्रिय’ लिहिताना पेन दोनदा उचललं. मग म्हटलं, असू दे. तीन वर्षं एका डब्यात जेवलोय, राग आला म्हणून तेवढं खोडायचं कशाला? पण वाचायच्या आधीच सांगून ठेवते, हे पत्र रागात लिहिलंय. राग उतरावा म्हणून मी दोन दिवस थांबले, पण तो काही उतरला नाही. फोन केला असता तर तू मधेच “ज्योत्स्ना, शांत हो ना” म्हणाली असतीस आणि मी शांत झाले असते. तुझ्यासमोर शांत व्हायची मला फार वाईट सवय लागलीय. म्हणून कागद घेतला. कागदाला मधे बोलता येत नाही.

गुरुवारी तू पुण्याहून पाठवलेलं प्रूफ मिळालं. जिवाणू ओळखणाऱ्या आपल्या मशीनमधला नको असलेला सिग्नल कसा कमी केला, त्याचा पेपर. वर तुझं नाव, त्याच्या शेजारी माझं, आणि तुझा निरोप की शुक्रवारपर्यंत संमती दे आणि पेढे तयार ठेव. खोटं कशाला बोलू, नाव बघून आनंद झाला. जाफराबादच्या पोरीचं नाव परदेशातल्या मासिकात छापून येणार म्हटल्यावर कुणाला होणार नाही? नवऱ्याला, राजानंदला, त्याच्या शाळेत फोन करून सांगितलं. मग उभ्याउभ्या वाचत चौथ्या पानावर आले आणि तिथेच खुर्चीत बसले. तू लिहिलंयस की दूषिततेचा स्रोत हा एका अप्रशिक्षित मदतनिसाच्या हातांची त्वचा असल्याचं चाचणीतून सिद्ध झालं, त्या व्यक्तीला प्रक्रियेतून हटवण्यात आलं, आणि उरलेला दोष आपल्या सॉफ्टवेअरने दूर केला. इंग्रजीत ते फार सभ्य दिसतं गं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच होतो की पुंजारामचे हात घाण होते.

आता तू म्हणशील, यात नाव कुठेय? नाही ना, नाव नाही. पंधरा वर्षं तुमच्या लॅबच्या काचा धुतल्या त्या माणसाने. तुझ्या वडिलांनी, शेठजींनी, ती लॅब दोन खोल्यांत सुरू केली, नुसती रक्त-लघवी तपासायची होती, तेव्हापासून. तू तेव्हा शाळेत होतीस. एकेक नळी धुवून उजेडासमोर धरून बघायचे, कडेला डाग दिसला की परत पाण्यात. शेठजी जुगलकिशोर त्यांना पुंजाराम म्हणायचे, म्हणून तूही बापाच्या वयाच्या माणसाला पुंजाराम म्हणायला लागलीस. त्याचंही मला काही वाटून घ्यायचं नव्हतं, तशी पद्धतच आहे आपल्याकडे. पण नाव घेऊन हाक मारायची आणि दोष लिहिताना मात्र ‘एक मदतनीस’, हे मला बिलकुल पटलं नाही.

सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण तुला त्यातलं सोयीचं तेवढंच आठवतं असं दिसतंय. मशीन आलं तेव्हा ते बसवायला कंपनीचा इंजिनियर आला होता, सोमेश्वर. चार दिवस राहिला. त्याने आपल्याला काय काय शिकवलं ते तू वहीत उतरवून घेतलंस, पण पुंजारामांना शिकवलं ते तुझ्या वहीत नाही. तळहाताएवढी ती स्टीलची प्लेट, तिच्यावरचे शहाण्णव गोल, त्या एकेका गोलावर रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू लावायचे, वर एका रसायनाचा थेंब, वाळला की मशीनच्या आत. लेझर बसला की कण उडतात, लांब पोकळ नळीतून पळत सुटतात, हलके आधी पोचतात, जड मागून. कोण कधी पोचला त्यावरून जिवाणू कुठला ते कळतं. पुंजारामांनी हे ऐकून विचारलं होतं, म्हणजे शंकरपटासारखं का, साहेब? सोमेश्वर मुंबईकडचा, त्याला शंकरपट कुठला ठाऊक. मी सांगितलं, बैलांची शर्यत. तो खूष झाला. म्हणाला, बराबर, आणि तुमचं काम धावपट्टी साफ ठेवायचं. आणि त्याने स्वतः सिंकजवळ उभं राहून त्यांच्याकडून प्लेट धुवून घेतली. आधी स्पिरिट, मग ते जहाल आम्ल, मग शुद्ध पाणी, मग वाळवणं. तीनदा बजावलं, साबण नाही, कुठलाच नाही, कितीही चांगला असला तरी नाही. दोन वर्षं ते तसंच चाललं. शंभर नमुन्यांत चार-पाच ओळखता यायचे नाहीत, एवढे कुठल्याही लॅबमध्ये होतात.

मग गेल्या जूनमधला तो दिवस. जेवणाची सुट्टी संपत आली होती. तू सिंकपाशी आलीस तेव्हा पुंजाराम भाकरी-ठेचा खाऊन, हात धुवून, प्लेट धुवायला घेत होते. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी वासाच्या लिक्विड सोपचा पाच लिटरचा कॅन आला, आणि भिंतीवर तुझ्या सहीचा तक्ता लागला की प्लेट आणि हात, दोन्ही या साबणाने तीनदा धुवायचे. तेव्हा त्या माणसाने तुला सांगितलं होतं, आयुषी. माझ्यादेखत सांगितलं. “ताई, त्या साहेबांनी सांगितल्तं, ह्या प्लेटीला साबन लावायचा न्हाई.” आणि तू म्हणालीस, “पुंजाराम, स्वच्छता मला शिकवू नका.” मी तिथे तीन हातांवर उभी होते. मलाही सोमेश्वरचं सांगणं आठवत होतं. मी मूग गिळून नळ्या मोजत राहिले. हे मी तुझ्यावर ढकलत नाही, हे माझ्या नावावरच राहू दे.

महिन्याभरात पडद्यावरच्या आलेखात तो कंगवा दिसायला लागला. खरी शिखरं कमी आणि मधे हे एकसारखे दात, एका दातापासून दुसरा बरोबर चव्वेचाळीस वजनाच्या अंतरावर. आधी बारीक होते, मग अंगावर यायला लागले. ऑगस्टपर्यंत शंभरातले बावीस नमुने ओळखता येईनात. डॉक्टर फोन करून ओरडायला लागले, आयसीयूतला पेशंट थांबलाय, कुठला जिवाणू आहे ते सांगा. चव्वेचाळीस हे साबण-शाम्पू-क्रीममधल्या लांबलचक साखळीच्या एकेका दुव्याचं वजन आहे, हे मी तुला सांगावं का? तुझं शिक्षण सिग्नलच्या गणितातलं, मान्य. पण पुस्तक उघडून तूच ते शोधलंस आणि मला दाखवलंस. मला वाटलं, आता ही सिंककडे बघेल. तू बघितलंस ते पुंजारामांच्या हातांकडे. म्हणालीस, हा माणूस हाताला काहीतरी चोपडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते आणखी काय असतं?

आणि मग तू ती चाचणी घेतलीस, पेपरात जिला ‘सिद्ध झालं’ म्हणतेस ती. त्यांना मशीनच्या खोलीत बोलावलंस. नमुने आणणारा काकासाहेब होता, रिसेप्शनवरची मुलगी दारात उभी होती, मी होते. प्लेटच्या एका कोऱ्या गोलावर त्यांना अंगठा दाबायला सांगितलास. अंगठा कशाला लागतो हे त्या माणसाला जन्मभर एकच ठाऊक, सही येत नाही तिथे. ते म्हणाले, ताई, मला सही येती. तू हसलीस, फार प्रेमाने हसलीस, आणि म्हणालीस, सही नकोय, अंगठाच हवा. मग लेझर मारला. पडद्यावर कंगवा आला, चांगला ठसठशीत. तू पेन्सिलीने एकेक दात दाखवलास आणि म्हणालीस, “हे बघा, हे तुमच्या हातावरचं.” ते वाकून बघत राहिले, एवढं एवढं जवळ जाऊन. मग त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

अगं बाई, पहिल्या वर्षाच्या पोराला सांगतात की तुलनेला दुसरा नमुना घे! एकच अंगठा घेऊन काय सिद्ध होतं? तुझा का नाही घेतलास? काकासाहेबचा? माझा? तुझ्याच तक्त्याप्रमाणे तो माणूस दिवसातून दहा वेळा त्याच साबणाने हात धूत होता. त्या अंगठ्यावर साबण दिसणार नाही तर काय चंदन दिसणार? तू डॉक्टरेट केलेली बाई, तुला हे सुचलं नाही असं मी मानत नाही. तुला गरज वाटली नाही. उत्तर आधीच ठरलं होतं, अंगठा फक्त त्याच्याखाली उमटवून घेतलास.

त्यानंतर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलीस. पुंजारामांनी पट्टीच्या अलीकडे राहायचं. प्लेट बाहेर आणून ट्रेमध्ये ठेवायची, ते गेल्यावर दुसऱ्याने उचलायची. तू जात मनात धरून केलंस असं मी म्हणणार नाही, मला ते खरंही वाटत नाही. तुला जात विचारावीच लागली नाही. माझ्या आज्याने छप्पन साली जे घरातून बाहेर काढलं, देव्हाऱ्यासकट नदीत सोडून आला, ते तू एका पट्टीने आत आणून ठेवलंस, आणि तुला ते कळलंसुद्धा नाही. काकासाहेब पट्टी ओलांडून जायचा-यायचा, चहा हातात घेऊन. त्याचा कधी अंगठा घेतला नाहीस.

माझ्या आज्याने म्हटलं, तिथे तू थांबली असशील. थांब जरा. पुंजाराम माझे वडील आहेत, माझे दादा.

लग्नानंतर आडनाव बदललं, म्हणून तुला कागदावर दिसलं नाही. लॅबला माणूस हवाय ही बातमी मला त्यांनीच आणून दिली होती, आणि एकच अट घातली. “तिथं मला बाप म्हनू नको. काचा धुनाऱ्याची पोरगी म्हनून तुला कुनी बघू नये.” मी भांडले, रडले, आणि शेवटी ऐकलं. खरं सांगू का, ऐकायला मला फार जड गेलं नाही. काकासाहेबला ठाऊक आहे, खालच्या सगळ्यांना ठाऊक आहे. काचेच्या केबिनमधल्या तुम्हालाच तेवढं ठाऊक नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. एकदाच विचारलंस तू. डबा खाताना म्हणालीस, तुम्ही दोघं जाफराबादचे ना, नातं आहे का काही? दादा शेजारचं टेबल पुसत होते. मी म्हणाले, गावचे आहेत. त्यांनी मान हलवली, टेबल पुसलं आणि बाहेर गेले. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, बरं केलंस. आयुषी, तुझ्यावर जेवढी चिडलेय त्याच्या दुप्पट मी त्या ‘गावचे आहेत’वर चिडलेय. पण ते माझं मी बघते.

ऑगस्टनंतर दादांनी जे केलं ते तुला बघायला मिळालं नाही. त्यांना वाटलं, हात अजून स्वच्छ करायला हवेत. तुझाच साबण तीनदाच्या जागी सहादा. मग वज्रीने घासायचे, टाचा घासतात त्या दगडाने. लिंबू चोळायचे. कातडी फाटली, रक्त यायला लागलं, मग माझ्या आईने मेडिकलमधून क्रीम आणलं, ते लावून यायला लागले. साबणाच्या जोडीला आता क्रीम! तू सप्टेंबरात परत एकदा अंगठा घेतलास आणि कंगवा दुप्पट झाला होता. तू म्हणालीस, बघ, मी सांगत होते ना. दिवाळीच्या आधी शेठजींनी बोलावून सांगितलं की पुंजाराम, आता घरी आराम करा. साडीचा डबा, मिठाई, शाल, सगळं नीट दिलं, त्यात काही कमी केलं नाही. दादा एसटीने जाफराबादला गेले ते जालन्यात परत पाऊल ठेवलं नाही.

आणि ते गेल्यावर कंगवा गेला का? सांग ना, गेला का? नोव्हेंबरात तसाच, डिसेंबरात तसाच. कारण त्यांच्या जागी आलेली पोरगी भिंतीवरचा तक्ता वाचून इमाने इतबारे तीनदा साबण लावत होती. तेव्हा तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण तू सॉफ्टवेअर लिहायला बसलीस. जिथे जिथे चव्वेचाळीसचा दात दिसेल तिथे तो पुसायचा. पडदा छान साफ दिसायला लागला. पण आयुषी, साबणाने नुसते जास्तीचे दात आणले नव्हते, त्याने खऱ्या कणांना उडूच दिलं नव्हतं. जो निघालाच नाही तो पडदा पुसून कसा दिसेल? तुझं सॉफ्टवेअर लावूनही बाविसांतले अठरा नमुने ओळखता येतच नव्हते. मी तुला तेव्हा हे म्हणाले होते, हळू आवाजात. तू म्हणालीस, पुढच्या आवृत्तीत सुधारेल.

जानेवारीत तू पुण्याला तुझ्या गाईडकडे गेलीस आणि मी पहिल्यांदा माझ्या मनाने काम केलं. बारा प्लेटा तुझ्या तक्त्याप्रमाणे धुतल्या, बारा सोमेश्वरच्या पद्धतीने, म्हणजे दादांच्या पद्धतीने. काकासाहेबने खुणा करून त्या मिसळून टाकल्या, कुठली कुठली ते मला माहीत नव्हतं. चोवीसच्या चोवीस मी आलेख बघून ओळखल्या. साबणाच्या बारांवर कंगवा, बिनसाबणाच्या बारांवर स्वच्छ खरी शिखरं. मग माझा अंगठा घेतला. घरच्या वडीच्या साबणाने हात धुवून आले होते, काही नाही. तुझ्या कॅनमधल्या साबणाने धुतला, वाळवला, दाबला, आणि आला की कंगवा, अगदी दादांसारखा. काकासाहेबचा घेतला, तोच प्रकार. काकासाहेब पडद्याकडे बघत म्हणाला, आयला, म्हातारा फुकट गेला. त्याच दिवशी मी तक्ता काढला आणि कॅन संडासात ठेवला, जिथे त्याची जागा आहे तिथे.

सगळे आलेख मी तुला फेब्रुवारीत पाठवले. तुझं उत्तर अजून माझ्याकडे आहे. छान काम केलंस, पण पेपर लिहून झालाय, साबणाचं पुढच्या पेपरात बघू. एवढं लिहून लगेच पुढे विचारलंस की मासिकाच्या तपासणाऱ्यांनी नवी आकडेवारी मागितलीय, ती पाठव. मी पाठवली. शंभरात चारच न ओळखलेले. ती आकडेवारी बघून त्यांनी तुझा पेपर स्वीकारला. ते चार तुझ्या सॉफ्टवेअरने आले नाहीत, माझ्या बापाने सांगितलेलं अखेर कुणीतरी ऐकलं म्हणून आले. हे तुला फेब्रुवारीपासून माहीत होतं, आणि तरी चौथ्या पानावर ते वाक्य तसंच ठेवलंस. चूक माणसाकडून होते गं, मी काय कमी केल्यात का? पण कळल्यावर ठेवलेल्या चुकीला दुसरं नाव आहे, आणि ते मी लिहीत नाही कारण वर ‘प्रिय’ लिहून बसलेय.

पेपरचं तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यासाठी हे पत्र नाही. तो विषय मी काल मिटवला. संपादकांना कळवलंय की माझं नाव काढा, आणि सोबत चोवीस आलेख, माझा आणि काकासाहेबचा अंगठा, सगळं जोडलंय. तुला न सांगता केलं, ते आता सांगतेय. राजीनामाही देणार नाही. मला हाकलायचं असेल तर शेठजींसमोर उभी राहून हाकल, आणि कारण मोठ्याने सांग.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि ते लिहायला मला इतकी पानं लागली. मिथुनला, माझ्या भावाला, मुलगी झाली. त्याची बायको प्रीती शहागडला माहेरी बाळंत झाली, गेल्या आठवड्यात पोरीला घेऊन जाफराबादला आली. शुक्रवारी मी बघायला गेले. पोरगी दीड महिन्याची, दादांसारखं कपाळ. सगळे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात तिला घेत होते, आणि दादा दारापाशी उभे, हात मागे बांधून. मला वाटलं लाजतायत. मी म्हटलं, दादा, घ्या ना नातीला. तर म्हणाले, “नको गं. माझ्या हातावरचं धुतलं तरी जात न्हाई. मशीनमधी दिसलं व्हतं.” आई म्हणाली, पोर घरी आल्यापासून हे असंच आहे, पाणीसुद्धा तिच्याजवळ आणून ठेवत नाहीत. मी पिशवीतून आलेख काढले. जमिनीवर मांडले, माझा अंगठा दाखवला, काकासाहेबचा दाखवला, साबणाचं सगळं समजावून सांगितलं. दादांनी नीट ऐकलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला आणि तसाच खाली घेतला. म्हणाले, तू लेक हायस, तू असंच म्हनशील. आयुषीताई एवढ्या शिकलेल्या, त्या खोटं कशाला बोलतील? मी एमएस्सी, आयुषी. मी त्यांच्याच काचांवर शिकलेय. आणि माझ्या बापाला माझा शब्द चालत नाही, तुझा चालतो.

म्हणून लिहितेय. माफी मागू नकोस, त्यांना ती कळायची नाही, ते उलट तुलाच समजावत बसतील. तू फक्त एक कर. पुण्याहून ये, लॅबमध्ये जा, संडासातला तो कॅन काढ, तुझे हात त्या साबणाने तीनदा धू, आणि कोऱ्या गोलावर तुझा अंगठा दाब. जो आलेख येईल तो छापून घे. येत्या रविवारी पोरीचं नाव ठेवायचंय, जाफराबादला. आलेख घेऊन ये, दादांच्या पुढ्यात ठेव, पेन्सिलीने एकेक दात दाखव, आणि म्हण, हे माझ्या हातावरचं. जालन्याहून सकाळी आठची एसटी आहे. पोरीला आजोबाने अजून घेतलेलं नाही.

नाव काढलं तरी अजून तुझीच,
ज्योत्स्ना पुंजाराम